सोडा म्हणजे सोडाच ना? अणूंच्या जोडीची गोष्ट

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचा मजकूर)



बचत गटाच्या साबण प्रशिक्षणात एक प्रश्न हमखास येतो. सामानाची यादी वाचून होते, कॉस्टिक सोड्याचा डबा पुढे येतो आणि कुणीतरी विचारतं, "ताई, सोडा म्हणजे सोडाच ना? मग भज्यांत घालतो तो का नाही चालत?" बाकीच्या हसतात आणि प्रश्न तिथंच राहतो. खरं तर तो चांगला प्रश्न आहे. त्याचं उत्तर समजलं तर रसायनशास्त्राचा पाया समजला. नाही समजलं, तर कधी हात भाजतो, कधी डोळा जातो, तर कधी बंद खोलीत जीवही जातो. म्हणून आजचं बोलणं याच प्रश्नावर.

मी बी. ए. झालेली आहे, विज्ञानाची शिक्षिका नाही. म्हणून फळ्यावरची सूत्रं बाजूला ठेवते आणि स्वयंपाकघरातून, मोरीतून आणि गटाच्या कामातून जे दिसतं तेवढंच सांगते.

पदार्थ म्हणजे काय?

जे जागा व्यापतं आणि ज्याला वजन आहे, तो पदार्थ. पाटा-वरवंटा पदार्थ, दूध पदार्थ, आणि न दिसणारी हवासुद्धा पदार्थच. सायकलच्या चाकात हवा भरली की चाक फुगतं, म्हणजे हवेनं जागा व्यापली. पदार्थ स्थायू, द्रव किंवा वायू अशा रूपात असतो. थंडीत घट्ट झालेलं तूप चुलीजवळ ठेवलं की पातळ होतं आणि गार झालं की पुन्हा घट्ट होतं. तूप तूपच राहिलं, फक्त रूप बदललं. याला भौतिक बदल म्हणतात.

पण दुधाचं दही झालं की त्याचं परत दूध होत नाही. विळ्याला गंज चढला तर तो गंज पुसून लोखंड होत नाही. चुलीत लाकूड जळलं तर राखेचं लाकूड होत नाही. इथे पदार्थच बदलला. हा रासायनिक बदल. मग आतमध्ये नेमकं काय बदललं? ते कळायला आपल्याला अणूपर्यंत जावं लागेल.

अणू केवढा?

सोन्याचा मणी कापत गेलो, तुकड्याचा तुकडा करत गेलो, तर शेवटी असा कण येईल की त्याचे आणखी तुकडे केले तर ते सोनं राहणार नाही. तो सोन्याचा अणू. आपल्याकडे कणाद मुनींनी फार पूर्वी असा विचार मांडला होता. पुढे इंग्लंडच्या जॉन डाल्टन यांनी 1808 साली छापलेल्या पुस्तकात वजनमापांच्या आधारे अणूचा सिद्धांत मांडला. अणू इतका बारीक असतो, की एका ओळीत साधारण एक कोटी अणू ठेवले तर कुठे एक मिलिमीटर, म्हणजे पट्टीवरची सगळ्यात लहान रेघ भरते.

एकाच प्रकारच्या अणूंनी बनलेल्या पदार्थाला मूलद्रव्य म्हणतात. सोनं, तांबं, लोखंड, ऑक्सिजन ही मूलद्रव्यं. आजवर अशी 118 मूलद्रव्यं माहीत आहेत. आपल्या मुळाक्षरांतून जसे लाखो शब्द तयार होतात, तसं या थोड्या मूलद्रव्यांतून सगळं जग तयार झालं आहे. अक्षरं तीच ठेवून जागा बदलली तर 'कप'चं 'पक' होतं आणि अर्थ जातो. अणूंचंही तसंच आहे. कोण कोणाशी जोडलं आहे, त्यावर पदार्थाचा गुण ठरतो. आजच्या सगळ्या बोलण्यातली लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच.

इलेक्ट्रॉनची पंगत

अणूच्या मधोमध एक केंद्रक असतं. त्याच्याभोवती इलेक्ट्रॉन नावाचे अतिबारीक कण असतात. ते एकाबाहेर एक अशा थरांत असतात. आपण त्यांना पंगती म्हणू. पहिल्या पंगतीत दोनच पानं मांडलेली असतात. त्यानंतरच्या, म्हणजे बाहेरच्या पंगतीत आठ बसले की पंगत पूर्ण झाली, अणू शांत झाला, असं सोप्या हिशेबानं धरू. अणू एकमेकांशी जोडले जातात ते ही बाहेरची पंगत पुरी करण्यासाठी.

सोडियम नावाचं एक मूलद्रव्य आहे. त्याच्याकडे 11 इलेक्ट्रॉन. पहिल्या पंगतीत दोन, दुसरीत आठ, आणि तिसऱ्या पंगतीत एकटाच एक. हा एकटा निघून गेला तर खालची आठची पंगत आपोआप पुरी दिसते. दुसरं मूलद्रव्य क्लोरीन. त्याच्याकडे 17 इलेक्ट्रॉन. दोन, आठ आणि सात. त्याला एकच कमी पडतो. सोडियमनं आपला जास्तीचा एक क्लोरीनला दिला की दोघांचंही काम होतं. देणाऱ्यावर धन विद्युतभार येतो, घेणाऱ्यावर ऋण, आणि विरुद्ध भारांच्या ओढीनं दोघं घट्ट धरून राहतात. या देण्याघेण्याच्या जोडीला आयनिक बंध म्हणतात.

या जोडीतून जे होतं ते तुमच्या मिसळणाच्या डब्याशेजारी रोज असतं. आपलं मीठ! आता बघा, नुसतं सोडियम हा सुरीनं कापता येईल असा मऊ धातू आहे. पाण्याला लागला की पेट घेतो, म्हणून प्रयोगशाळेत रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात. नुसता क्लोरीन हा हिरवट पिवळा विषारी वायू. दोन जहाल पदार्थ एकत्र आले आणि आमटीला चव देणारं मीठ झालं. पदार्थातल्या एकेका अणूकडे वेगळं बघून त्या पदार्थाचा स्वभाव सांगता येत नाही, तो असा.

दुसऱ्या प्रकारची जोडी सामाईक विहिरीसारखी असते. दोन शेतकऱ्यांच्या बांधावर एकच विहीर, पाणी दोघांचं. हायड्रोजनकडे एकच इलेक्ट्रॉन असतो, त्याला पहिली पंगत पुरी करायला आणखी एक हवा. ऑक्सिजनला बाहेरच्या पंगतीत दोन कमी पडतात. मग दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन आपापले इलेक्ट्रॉन सामाईक ठेवतात. याला सहसंयुज बंध म्हणतात, आणि तीन अणूंची ही मोट म्हणजे पाण्याचा एक रेणू. हायड्रोजन स्वतः भडकून पेटतो, ऑक्सिजन दुसऱ्याला जळायला मदत करतो, आणि दोघांचं पाणी आग विझवतं.

आणखी एक फरक सांगून ठेवते. पाण्यात मीठ विरघळवलं तर ते मिश्रण झालं, पाणी आटवून मीठ परत मिळवता येतं. उरण, पेण, पालघरकडच्या मिठागरांत हेच करतात, उन्हानं समुद्राचं पाणी आटवतात. पण मिठातून सोडियम वेगळं काढायला असं ऊन पुरत नाही. ते संयुग आहे, बंध तोडावा लागतो. हंफ्री डेव्ही या शास्त्रज्ञानं 1807 साली वितळवलेल्या कॉस्टिक सोड्यातून वीज सोडली, तेव्हा कुठे पहिल्यांदा सोडियम वेगळं निघालं.

एकाच सोडियमची चार घरं

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मीठ, खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा आणि कॉस्टिक सोडा, या चारही पदार्थांत सोडियम आहे. दिसायला चारही पांढरे. पण सोडियमच्या जोडीला कोण आहे ते प्रत्येकात वेगळं.

मिठात त्याच्या जोडीला क्लोरीन. खाण्याच्या सोड्यात हायड्रोजन, कार्बन आणि ऑक्सिजन यांचा एक गट. उष्णतेनं किंवा ताकाच्या आंबटपणानं त्यातून वायू सुटतो, म्हणून ढोकळा फुलतो. धुण्याच्या सोड्यात कार्बन आणि ऑक्सिजनचा गट, तो जास्त तीव्र, मळ काढतो पण हात कोरडे पाडतो. आणि कॉस्टिक सोड्यात ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडगोळी. हा सगळ्यांत दाहक, कातडी जाळतो, डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते. नावात सोडा आहे म्हणून एकाच्या जागी दुसरा वापरायचा नाही, त्याचं कारण हे.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर पुढच्या बैठकीत एक प्रयोग करा. तीन बशांत चिमूटभर हळद पाण्यात कालवा. पहिलीत काहीच घालू नका. दुसरीत मीठ घाला. तिसरीत धुण्याचा सोडा चमच्यानं घाला. मिठाची हळद पिवळीच राहील, सोड्याची हळद लालसर तपकिरी होईल. सोडियम दोन्हींत आहे, मग रंग एकीतच का बदलला? कारण रंग बदलणारा गुण सोडियमचा नाही, त्याच्या जोडीदाराचा आहे. आता तिसऱ्या बशीत लिंबू पिळा. बुडबुडे येतील आणि हळद पुन्हा पिवळी होईल. हळदीचा डाग पडलेल्या पातळाला साबण लावला की डाग लाल होतो, त्यामागेही हेच कारण. हळदीला चुना लावून कुंकू करतात, तेही यातूनच आलं. फक्त कॉस्टिक सोडा या प्रयोगात अजिबात आणू नका.

साबण होतो तेव्हा

तेलाचा एक रेणू म्हणजे ग्लिसरीनच्या कण्याला जोडलेल्या तीन लांब साखळ्या असं समजा. कॉस्टिक सोड्याचं पाणी तेलात घातलं की या साखळ्या ग्लिसरीनपासून सुटतात आणि प्रत्येक साखळीच्या टोकाला सोडियम येऊन बसतं. ही सोडियम बसलेली साखळी म्हणजे साबण. तिचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. म्हणून तेलकट कढई नुसत्या पाण्यानं निघत नाही आणि साबणानं निघते.

ग्लिसरीन सुटं होऊन साबणातच राहतं. आणि कॉस्टिक? माप बरोबर असेल तर तो सगळा वापरला जातो, तयार साबणात कॉस्टिक म्हणून उरत नाही. माप चुकलं तर मात्र उरतो आणि गिऱ्हाइकाच्या अंगाची आग होते. इथे लक्ष द्या. 1 किलो खोबरेल तेलाला साधारण 180 ग्रॅम कॉस्टिक लागतो, पण 1 किलो शेंगदाणा तेलाला 135 ग्रॅमच्या आसपासच. खोबरेल महाग झालं म्हणून कुणी तेल बदललं आणि कॉस्टिकचं माप तेच ठेवलं, तर किलोमागे 45 ग्रॅम जळजळीत कॉस्टिक वडीत शिल्लक राहील. म्हणून तेल बदललं की माप बदलायचं. कॉस्टिक वाटीनं किंवा अंदाजानं घ्यायचा नाही, काट्यावर तोलायचा, आणि नेमकं माप प्रशिक्षकांकडून लिहून घ्यायचं. वड्या पाडल्यावर चार ते सहा आठवडे हवेशीर जागी मुरू द्यायच्या.

कॉस्टिक हाताळताना हे पाळा. आधी पाणी घ्या आणि त्यात कॉस्टिक थोडा थोडा घाला. कॉस्टिकच्या ढिगावर पाणी ओतलं तर ते एकदम उकळून अंगावर उडतं. भांडं स्टीलचं घ्या. ॲल्युमिनियमचं पातेलं कॉस्टिक खातो आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो, तो पेट घेणारा आहे. रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. कॉस्टिक अंगावर सांडला तर लिंबू, हळद, टूथपेस्ट काही लावू नका. भिजलेला कपडा काढा आणि वाहत्या पाण्याखाली निदान 15 ते 20 मिनिटं धुवा. डोळ्यात गेला तर तसंच धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

मोरीतली चुकीची जोडी

गावच्या विहिरीत, टाकीत टाकतात ती टीसीएल पावडर तुम्हाला माहीत आहे. तिच्यात क्लोरीन ऑक्सिजनच्या साथीनं कॅल्शियमशी बांधलेला असतो. पाण्यात तो जंतू मारतो, म्हणून ठरल्या मापात टाकलेली टीसीएल गावाला हगवणीपासून वाचवते. तिच्या वासाला घाबरायचं कारण नाही.

पण हीच पावडर संडासात टाकून वरून ॲसिड किंवा ॲसिडचा टॉयलेट क्लीनर ओतला, तर बंध तुटतात आणि क्लोरीन वायू होऊन मोकळा सुटतो. मिठात गुण्यागोविंदानं राहणारा क्लोरीन सुटा झाला की काय करतो, ते जगानं पाहिलं आहे. पहिल्या महायुद्धात 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मन सैन्यानं हाच वायू शत्रूवर सोडला होता. हा वायू हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो. छोट्याशा बंद संडासात उकिडवं बसून घासणाऱ्या बाईच्या नाकाशीच तो येतो. डोळे चुरचुरतात, खोकल्याची उबळ येते, छाती आवळते.

दोन्ही वस्तू टाकल्या की जास्त स्वच्छ निघेल, असं वाटणं साहजिक आहे. पण एका वेळी एकच वापरा. कपड्याचं पातळ ब्लीचही ॲसिडबरोबर असंच वागतं. चुकून वास सुटला तर बादली उचलायला थांबू नका. सगळं तिथंच टाकून मोकळ्या हवेत या आणि श्वासाला त्रास होत असेल तर 108 ला फोन करा. शाळेत, अंगणवाडीत साफसफाई करणाऱ्या बायांना हे जरूर सांगा, कारण या दोन्ही बाटल्या त्यांच्या हाती रोज असतात.

एका अणूचा फरक

शेवटचं उदाहरण शेगडीचं. कोळसा म्हणजे बहुतेक कार्बन. मोकळ्या हवेत नीट जळला की एका कार्बनला दोन ऑक्सिजन मिळतात, कार्बन डायऑक्साइड होतो. आपण उच्छ्वासात सोडतो तोच. पण खोली बंद असेल, हवा पुरत नसेल, तर कार्बनला एकच ऑक्सिजन मिळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. फरक एका अणूचा, पण हा वायू जीवघेणा.

आपल्या रक्तात लोह असतं. ऑक्सिजन त्या लोहाला धरून अंगभर जातो. कार्बन मोनॉक्साइड त्याच जागेवर येऊन बसतो, आणि ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट बसतो. माणूस श्वास घेत असतो आणि तरी आतून गुदमरत असतो. या वायूला रंग नाही, वास नाही. धूर नसलेले लालबुंद निखारे बघून आपण निर्धास्त होतो, आणि धोका तिथंच असतो.

बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायची, दारं-खिडक्या लावायच्या, वारा लागू नये म्हणून फटीत कापड कोंबायचं, ही रीत अजून अनेक घरांत आहे. मायेपोटीच करतात सगळं. पण त्या खोलीत आई आणि तान्हं बाळ दोघंही असतात. डोकं जड होणं, गरगरणं, मळमळणं, गुंगी येणं, आणि खोलीतल्या सगळ्यांना एकाच वेळी असं होणं, ही खूण आहे. लगेच सगळ्यांना बाहेर हवेत न्यायचं आणि 108 ला बोलवायचं. शेक द्यायचाच असेल तर गरम पाण्याच्या पिशवीनं द्या. शेगडी पेटवलीच तर खिडकी उघडी ठेवा आणि झोपण्याआधी शेगडी खोलीबाहेर काढा. थंडीच्या दिवसांत घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठीही हाच नियम. सासूबाईंना हे सांगायचं अवघड वाटत असेल, तर आशाताईंना बरोबर घ्या.

लेबलावर काय लिहायचं?

आपल्या साबणावर 'केमिकल नाही' असं लिहावं का, असं गट विचारतात. पाणी हे रसायन आहे, मीठ रसायन आहे, हळदीचा रंग रसायन आहे. कॉस्टिक न वापरता आपला साबण होतच नाही. मग खोटं कशाला लिहायचं? कोणतं तेल वापरलं, सुगंध कशाचा, कधी तयार केला, हे स्पष्ट लिहा. कुणी विचारलं तर सांगा की कॉस्टिक वापरला आहे, पण तेलाशी जोडला जाऊन त्याचा साबण झाला आहे, आणि माप आम्ही काट्यावर घेतलं आहे. असं सांगता येणाऱ्या गटावर गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो.

बैठकीत तीन कामं करा. पहिलं, हळदीचा प्रयोग. दुसरं, घरी जाऊन बाटल्या तपासा. ॲसिड, फिनेल, कीटकनाशक थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलं असेल तर आजच बंद करा. मूळ बाटलीत, नावासकट, मुलांचा हात पोचणार नाही असं ठेवा. कुणी चुकून असं काही प्यायलं, तर उलटी करवू नका. बाटलीसकट दवाखान्यात न्या, म्हणजे डॉक्टरांना पदार्थ कळेल. तिसरं, ज्या घरात बाळंतीण आहे तिथे जाऊन शेगडीबद्दल बोला.

आणि आता कुणी विचारलं, "सोडा म्हणजे सोडाच ना?" तर हसू नका. विचारणारीला जवळ बसवा आणि म्हणा, "बाई, सोडियम एकच, पण त्याच्या जोडीला कोण आहे ते आधी बघ." तुमच्या गटात या विषयावर काही प्रश्न निघाले तर केंद्रावर जरूर कळवा.